सुनेच्या टपल्या

१४ मार्च, गुरुवार. हवा कोरडी, दुपारी वारा पडलेला. ह्यांचा खोकला कालपेक्षा कमी, झोप बरी. इस्त्रीवाला येऊन गेला. बटाटे, भात, टोमॅटोचं सूप. तीन ते पाच दोघांच्या टपल्या चालू होत्या. ह्यांनी तिला मागून मोजायला शिकवलं. मला ह्या माणसाने सेहेचाळीस वर्षांत काही म्हणून शिकवलं नाही. ही मुलगी ह्या घरात आली नसती तर बरं झालं असतं.

नोंद माझीच, चार वर्षांपूर्वीची. शेवटचं वाक्य आज लिहिलं नसतं. पण लिहिलेलं खोडायचं नाही हा माझा नेम आहे, आणि त्या दिवशी ते खरं होतं.

मी बारा वर्षांची होते तेव्हापासून डायरी लिहिते. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टरनी ती सवय लावली. रोज पाच गोष्टी लिहायच्या, त्याही रोज त्याच क्रमाने. आधी हवा, मग घरातल्या जवळच्या माणसाची तब्येत, मग कोण आलं, मग काय शिजलं, आणि शेवटी घरातली एखादी बाब. मथळे द्यायचे नाहीत. "जागेवरूनच कळलं पाहिजे," असं त्या म्हणायच्या. कोणी आलं नाही तर 'कोणी नाही' असं लिहायचं, जागा गाळायची नाही. दुसऱ्या जागेवर लग्नाआधी माझी आई होती. लग्नानंतर हे आले, ते शेवटपर्यंत.

ज्या मुलीबद्दल मी ते वाक्य लिहिलं तिच्याबद्दल आता नीट लिहिते.

ती माझी सून. तिची आई कपडे शिवायची. एका खोलीत तीन मुली, एक मशीन आणि बटणांचा एक पत्र्याचा डबा. ही मधली. डब्यातली बटणं रंगाने नव्हे, भोकांच्या संख्येने लावून ठेवायची, असं तिची आई लग्नाच्या बोलणीत कौतुकाने सांगत होती. मी तेव्हाच मनात म्हटलं, हे प्रकरण वेगळं दिसतंय. केसांत पेन्सिल खोचून ती पेन्सिल घरभर शोधणारी, चहावर साय धरेपर्यंत विसरणारी, डाव्या हाताने लिहिणारी, फार न बोलणारी. चिरंजीव पुलांची मोजमापं घ्यायला महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणजे घरात हे, मी आणि ही.

तिची आधीची कंपनी बंद पडली होती. जानेवारीपासून ती घरीच होती, पण सकाळी नऊला कॉम्प्युटर उघडून टेबलाशी बसायची ते संध्याकाळीच उठायची. एकदा मी न राहवून विचारलं, "नोकरी तर नाही, मग दिवसभर करतेस काय?"

"टपलवर काम करते, आई. त्यांच्यासाठी बारीकसारीक अवजारं लिहिते."

"टपल्या? कोणाला?"

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. पण आतल्या खोलीत हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि मला पाणी घेऊन धावावं लागलं. ह्यांचा तो हसण्याचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी पाणी दिलं, आणि हे माझ्या खांद्यावरून तिला म्हणाले, "इकडे ये गं टपली, मला सांग बघू हे काय असतं."

त्या दिवसापासून ती टपली झाली. मला ह्यांनी कधी लाडाचं नाव ठेवलं नाही. 'अगं' एवढ्यावर माझा संसार झाला.

तिने ह्यांना कसं समजावलं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. टेबलावर तिने एक चमचा, एक लिंबू, कपाटाची किल्ली आणि ह्यांच्या गोळ्यांचं पाकीट एका ओळीत मांडलं.

"बाबा, कॉम्प्युटरच्या भाषेत हे एक टपल. चार वेगवेगळ्या जातींच्या वस्तू, एका ओळीत बांधलेल्या. कोणालाही नाव नाही, फक्त जागा आहे. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी."

"बरं. मग तू काय करतेस ह्याचं?"

"मी हात लिहिते असं समजा. एक हात पहिली वस्तू काढून देतो आणि उरलेली ओळ जशीच्या तशी ठेवतो. एक हात दोन ओळी एकापुढे एक जोडतो. एक हात दोन ओळी शेजारी ठेवून जोड्या लावतो, चेन लावतो तशा. एक हात प्रत्येक वस्तूला तेच काम करतो, समजा पुसून ठेवणं."

"आणि आत लिंबाच्या जागी लोखंड आलं तर?"

"तरी हात तोच. आत काय आहे ते त्याने विचारायचं नाही. हेच तर अवघड आहे, बाबा. एकदा लिहायचं आणि कुठल्याही ओळीला चाललं पाहिजे."

ह्यांनी लिंबू उचलून पुन्हा त्याच्या जागी ठेवलं. मग माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून म्हणाले, "अगं, हे तर आमचं काम."

हे जुळारी होते. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. मोठी छपाईयंत्रं आली आणि छापखाना बंद पडला, तेव्हा ह्यांचं वय अडतीस. पुढची वर्षं कागदाच्या गोदामात नोंदी करण्यात गेली. त्या कामाबद्दल घरात कधी एक अक्षर काढलं नाही. मी विचारलं की "त्यात काय सांगायचं" म्हणून पेपर वर धरायचे. आणि त्या दुपारी त्या मुलीला सगळं सांगितलं. केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या खोक्यातल्या, घरांवर अक्षरं लिहिलेली नसतात, हाताला जागा ठाऊक असते. लग्नपत्रिका असो की कोणी गेल्याची बातमी, जुळाऱ्याने मजकुरात शिरायचं नसतं, शिरला की चूक झालीच. एकदा म्हणे एका प्रेमपत्रांच्या पुस्तकात ह्यांचं मन गुंतलं आणि अख्खं पान चुकलं, मालकाने कान धरला होता.

प्रेमपत्रांचं पुस्तक! मी दारात ओला हात घेऊन उभी. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालेली, आणि ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते, तीही चोरून.

मग रोज तीन ते पाच. ह्यांची खुर्ची खिडकीपाशी असायची, ती सरकत सरकत तिच्या टेबलाशी गेली. मी सकाळी झाडताना ती पुन्हा खिडकीपाशी ठेवायचे. दुपारी ती पुन्हा टेबलाशी. त्या खुर्चीच्या पायांचे ओरखडे अजून फरशीवर आहेत. चहा तीन कप व्हायचा. मी दोन कप टेबलावर ठेवून माझा कप आत घेऊन जायचे आणि दार लावून घ्यायचे. दार जरा जोरातच लावायचे.

चौदा मार्चला काय झालं तेही मी दाराआडून ऐकलं. तिचे सगळे हात पुढून मोजणारे होते. ओळ किती लांब आहे ते आधी ठाऊक नसे, आणि शेवटून दुसरी वस्तू हवी असली की लांबी काढा, वजाबाकी करा, अशी खटपट. हे म्हणाले, "टपले, ओळ भरत आली की पुढून कोण मोजतो? शेवटचे दोन शब्द बघायचे, तिथूनच फटी भरायच्या. मागून मोज की!" कळांवर तिच्या बोटांची खडखड ऐकू आली. मग टाळी वाजवल्याचा आवाज आला. एकमेकांच्या हातावर दिलेली टाळी. मी डायरी उघडली आणि वर दिलेली नोंद लिहिली.

ह्याहून मोठी गोष्ट मे महिन्यात झाली. कपाटात तळाला, जुन्या पंच्यात गुंडाळलेली ह्यांची स्टिक होती. जुळारी ज्या पट्टीत ओळ बांधतो ती. छापखान्याची तेवढीच एक आठवण. दरवर्षी कपाट आवरताना मी ती उघडून पुसायचे, पुन्हा गुंडाळायचे. मे महिन्यात पाहिलं तर पंचा रिकामा. स्टिक हिच्या टेबलावर.

"देऊन टाकली," हे म्हणाले. "तिथे अंधारात काय करत होती?"

मला विचारायचं नाही? मी पंचा घडी करून परत ठेवला. ती मुलगी त्या पट्टीत पेन्सिली ठेवायची नाही, कोणाला हात लावू द्यायची नाही, रोज जागची जागी. ह्याचाही मला राग. जरा हेळसांड केली असती तर बोलायला तरी जागा मिळाली असती.

त्याच महिन्यात तिने आपली सगळी अवजारं एका पेटीत बांधली आणि ज्याला हवीत त्याने वापरावीत म्हणून मोकळी सोडली. पेटीचं नाव ठेवलं 'जुळारी'. जूनमध्ये तिला नवी नोकरी लागली. पुढच्या हिवाळ्यात हे गेले. ती माझ्यापेक्षा जास्त रडली. मला तर आलेल्या माणसांना चहा द्यायचा होता. लोक तिची समजूत घालत होते आणि मी कपबशा मोजत होते. तेव्हाही मला वाटलंच, की ही माझ्या वाटणीचं रडते आहे.

डायरीत दुसऱ्या जागेवर मी त्या दिवसापासून एक आडवी रेघ मारते.

आता ह्या वर्षाची गोष्ट. एका रविवारी जेवताना सून घास हातात घेऊन थांबली. तिच्या ऑफिसात एक इसम आहे. दुसऱ्याच्या कामाची हुबेहूब प्रत काढून आपली म्हणून मिरवतो, म्हणून आमच्या घरात त्याला कार्बन म्हणतात. त्या कार्बनने वर तक्रार केली होती की 'जुळारी' ही पेटी मुळात त्याची. त्याने ती चार वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, ऑगस्टमध्ये लिहिली, आणि हिने उचलून, मागची तारीख घालून आपल्या नावावर खपवली. विशेषतः ते मागून मोजणं. ते तर आपल्याच डोक्यातून निघालं असं तो सांगत होता.

"पण तुझ्या कॉम्प्युटरवर तारखा असतील ना?" मी म्हटलं.

"तारखा बदलता येतात असं त्याचं म्हणणं. जुनी मशीन तर मोडीत गेली, आई. तीन जणांची समिती बसणार आहे, पुढच्या शुक्रवारी. बाहेरचा काही पुरावा असला तर आणा म्हणतात."

"आणि नसला तर?"

"तर मी चोर. नोकरी जाईल ती जाईल. पेटी ऑफिसची होईल, आणि नाव बदलतील. कार्बनने नवीन नाव सुचवलंसुद्धा आहे." तिने घास खाली ठेवला. "आई, बाबांनी मला ते मागून मोजायचं कधी सांगितलं, आठवतं का तुम्हाला? महिना तरी?"

मी सांगितलं, "नाही बाई. माझ्या कुठे लक्षात राहायला."

पासष्ट वर्षांच्या डायऱ्या कपाटात ओळीने लावलेल्या असताना मी हे म्हणाले. तिने मान हलवली आणि ताट उचललं. संध्याकाळी चिरंजीवांचा फोन.

"आई, तुझ्या डायरीत असेल की!"

"मी तसलं काही लिहीत नाही. हवा, भाजी, एवढंच."

"एकदा बघ तरी. मी तिला म्हटलं आईकडे माग, तर म्हणते, डायरी कोणाची मागायची नसते."

डायरी मागायची नसते. म्हणजे तिला ठाऊक होतं, कुठे असेल ते. ठाऊक असून मागत नव्हती. मला तिचा हा शहाणपणासुद्धा सहन होईना.

खरं ते सांगते. माझी अडचण फक्त त्या शेवटच्या वाक्याची नव्हती. नाव बदललं जाणार हे ऐकलं तेव्हा माझ्या मनात एक थंड, गोड अशी गोष्ट आली. ती पेटी दुसऱ्याची झाली, तिच्यावरून 'जुळारी' पुसलं गेलं, की ह्या मुलीपाशी ह्यांचं काही उरणार नाही. दुपारचे ते दोन तास झालेच नाहीत असं होईल. मग हे पुन्हा माझे एकटीचे. कपाटातले, पंच्यात गुंडाळलेले.

दोन दिवस मी त्या गोडीवर काढले. मंगळवारी डायरी काढली, चौदा मार्चचं पान उघडलं, आणि कपाटातलं ब्लेडही काढलं. शेवटच्या दोन ओळी अलगद खरवडता येतील का ते बघत होते. शाई आत मुरलेली. पानांना आकडे आहेत, फाडलं तर कळणार. नवीन पानावर सोज्वळ नोंद लिहावी का, असंही मनात आलं. म्हणजे मी तेच करणार होते जे कार्बन हिच्यावर ढकलत होता. मागची तारीख घालणार होते. ब्लेड परत ठेवलं. नोंद पुन्हा वाचली तेव्हा नजर दुसऱ्या जागेवर गेली. ह्यांचा खोकला कालपेक्षा कमी, झोप बरी. त्या सबंध महिन्यात खोकला कमीच होता. जानेवारीत सुरू केलेलं वाढीव औषध फेब्रुवारीत बंद झालं होतं. मीच लिहिलेलं, रोज, माझ्याच हाताने, आणि कशाने कमी झाला ते मला त्या वेळी दिसलं नव्हतं, कारण दुपार पाचव्या जागेवर होती आणि खोकला दुसऱ्या.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी डायरी उघडून तिच्या टेबलावर ठेवली. "वाच," एवढंच म्हणाले.

ती उभ्यानेच वाचायला लागली. "आई! इथे टपल्या लिहिलंय!" आणि हसली. मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. हसू तिथेच राहिलं, डोळे पुढे सरकले. मी खिडकीतून बाहेर बघत होते.

"हे समितीपुढे वाचावं लागेल," ती म्हणाली.

"पान फाडता येत नाही. आकडे आहेत."

"फाडा कुठे म्हणते मी?" तिने स्वतःच पानाचा आकडा बघितला. "मला वाटायचं आमच्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो, म्हणून दार लावता. तुम्हीही बसा ना, असं एकदा म्हणायला हवं होतं मी."

"म्हणाली असतीस तर मी आले नसते."

"ठाऊक आहे. म्हणून तर नाही म्हणाले."

अशी उत्तरं देते ही. मग ती खुर्चीत बसली आणि पानं उलटत राहिली, मागे, आणखी मागे. दुसऱ्या डायऱ्या काढू का म्हणाली. मी हो म्हटलं. प्रत्येक पानावर ती एकाच जागी बोट ठेवत होती. "बाबांचा गुडघा. बाबांची दाढ. बाबा शिंकले, दोनदा. आई, दोनदा शिंकलेसुद्धा लिहिलंय?" शेवटी चालू वर्षाची डायरी उघडली. "आणि ही रेघ? रोज?"

"जागा काढली तर पुढचं सगळं एकेक घर सरकेल. कोण आलं ते तब्येतीच्या जागी येईल. तूच नाही का सांगत होतीस?"

"मीच." तिने बोट त्या रेघेवरून उचललं नाही. "माझ्यापाशी त्यांच्या चार-पाच महिन्यांच्या दुपारी आहेत. तुमच्यापाशी हे सगळं आहे. मला हेवा वाटतो तुमचा."

खोटं कशाला लिहू. मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी काय झालं ते तिने घरी येऊन सांगितलं. कार्बन म्हणाला, सासूकडून आता लिहवून आणलंय, म्हातारीला काय, सांगाल ते लिहील. समितीत एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी वही हातात घेतली, टपल्या हा शब्द वाचला, चष्मा काढून डोळे पुसले, आणि शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग कार्बनला म्हणाल्या, "सुनेच्या बाजूने पुरावा तयार करायचा म्हणून बसलेली सासू हे वाक्य लिहील?" बाकीचे दोघे हसले. त्यातले एकजण नुकतेच सासरे झाले होते म्हणे. मेमधलं पानही दाखवलं, ज्यात मी लिहिलं होतं: टपलीने पेटीचं नाव जुळारी ठेवलं, ह्यांनी तीन वेळा वाचून दाखवायला लावलं, जेवण गार झालं. ऑगस्टच्या आधीची दोन पानं, बांधीव वही, आकडे सलग. तक्रार काढून टाकली. नाव आहे तेच राहिलं.

"म्हणजे मी तुला शिव्या घातल्या म्हणून तू सुटलीस," मी म्हटलं.

"हो ना! जरा आणखी घातल्या असत्या तर पगारही वाढला असता." आणि शिंकली. ऑफिसातल्या त्या समितीच्या खोलीत गारठा फार, पाच तास बसवलं होतं.

मी तिला गरम पाणी दिलं. टेबलावर स्टिक नेहमीच्या जागी होती. माझी नजर तिकडे गेलेली तिने पाहिली. "आई, ही तुम्ही घ्या. तुमच्या कपाटात ठेवा."

घ्यावी असं फार वाटलं. हात पुढेही झाला. "राहू दे तुझ्याकडे," मी म्हणाले. "पुसायचं मात्र मी. तुला कोपरे पुसता येत नाहीत."

"येतात की!"

"नाही येत. मी रोज बघते."

तिने पंचा कुठे आहे ते विचारलं. मी सांगितलं नाही.

मग जेवणं झाल्यावर नेहमीसारखी बसले आणि लिहिलं. हवा ढगाळ, संध्याकाळी गार वारा. सूनबाईला सर्दी, शिंका पाच-सहा, ताप नाही. कोणी नाही. मटार, भात, सूप. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला. आता गळत नाही.